सातबारावर वाढत गेलेली नावं: मालवणच्या एका बॅटरीवाल्याचं प्रकरण

जुलै २०२२ चा शेवटचा आठवडा. प्राप्तिकराचं रिटर्न भरायची मुदत ३१ तारखेची, कुडाळला पावसाने धरलेलं, आणि माझ्या ऑफिसात पाय ठेवायला जागा नव्हती. माझे अशील भाऊ मालवणहून एसटीने आले. त्यांचं काम दरवर्षी दहा मिनिटांचं असतं. इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान, ठोकळ नफ्यावर ‘सुगम’ फॉर्म, ठेवींचं व्याज, सही. कागद ओल्या पिशवीत परत कोंबता कोंबता ते म्हणाले, “आणि ते अमेरिकेचे शेअर आसत माझे. पण विकूक नाय हा. मगे दाखवूचे नाय ना?”

दाखवावे लागतात. विकले नाहीत तरी, लाभांश आला नाही तरी, तोट्यात असले तरी. भारतात निवासी असलेल्या माणसाचा परदेशात एक शेअर जरी असला, तरी तो रिटर्नच्या ‘शेड्यूल एफए’मध्ये, म्हणजे परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात, आला पाहिजे, आणि मग ‘सुगम’ किंवा ‘सहज’ फॉर्म चालत नाही. भाऊ धंदेवाले, म्हणून त्यांचा फॉर्म झाला आयटीआर-३. लपवल्यास काळ्या पैशाच्या २०१५ च्या कायद्याखाली दहा लाखांचा दंड होऊ शकत होता. (ऑक्टोबर २०२४ पासून वीस लाखांपर्यंतच्या अशा मालमत्तेला त्या दंडातून सूट मिळाली, पण दाखवायचं कर्तव्य तसंच आहे.) नशीब एवढंच, की या परिशिष्टाचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर असं धरतात. भाऊंची पहिली खरेदी जानेवारी २०२१ ची, म्हणजे ती पहिल्यांदा दाखवायची वेळ नेमकी याच रिटर्नात आली होती. मागचं काही राहिलं नव्हतं.

त्या परिशिष्टात एक रकाना असतो: वर्षभरातलं सर्वोच्च मूल्य. तो भरताना भाऊंचं तोंड कडू झालं. सरकारने आपली फजिती मुद्दाम छापून मागितली, असं त्यांना वाटलं असावं.

कंपनी होती क्वांटमस्केप, नव्या तऱ्हेची बॅटरी बनवू पाहणारी. पुढची सव्वातीन वर्षं मी या चारशे शेअर्सचा हिशोब ठेवतोय. भाऊंची परवानगी घेऊन लिहितो आहे. “नाव घालू नको, चुकी सगळी घाल,” एवढीच त्यांची अट. रकमा गोळाबेरीज करून दिल्या आहेत.

ज्याला बॅटरी कळते

भाऊ काही टिपांवर शेअर घेणारे नव्हेत. त्यांच्याकडे डिमॅट खातंसुद्धा नव्हतं. तीस वर्षं त्यांनी शिशाच्या बॅटऱ्या विकल्या, त्यांत पाणी घातलं, त्या उचलून उचलून कंबर धरून घेतली. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर दुकान. खाऱ्या वाऱ्याने टर्मिनलवर हिरवी-पांढरी भुकटी धरते, ती ते गरम पाण्यात सोडा घालून धुतात आणि वर पेट्रोलियम जेली चोपडतात. गिऱ्हाईक “बॅकअप देत नाही” म्हणालं, की भाऊ आधी झाकण उघडून वास घेतात. कुजक्या अंड्याचा वास आला, तर चार्जर जास्त मारतोय. मग हायड्रोमीटर बुडवून एकेका खणाची घनता बघायची. सहापैकी एकच खण बसलेला असला, तरी अख्खी बॅटरी गेली. हे वाक्य त्यांनी हजार वेळा उच्चारलं असेल.

अशा माणसाला ८ डिसेंबर २०२० चं क्वांटमस्केपचं सादरीकरण मुलाने मोबाइलवर दाखवलं. पंधरा मिनिटांत ८० टक्के चार्ज. आठशेहून जास्त वेळा चार्ज-डिस्चार्ज करूनही क्षमता ८० टक्क्यांच्या वर. भाऊंची ट्युब्युलर बॅटरी पुरती भरायला रात्र जाते. त्यांना आलेखाची भाषा कळली नसेल, पण काय सांगितलं जातंय ते शेअर दलालापेक्षा त्यांना नीट कळलं.

थोडक्यात तंत्र असं. लिथियम-आयन बॅटरी सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणली. आजच्या अशा बॅटरीत, चार्ज करताना लिथियम जाऊन बसतं बहुधा ग्रॅफाइटमध्ये. ग्रॅफाइट म्हणजे कपाट. कपड्यांपेक्षा कपाटाचंच वजन जास्त. एक ग्रॅम ग्रॅफाइट फार तर ३७२ मिलिअँपिअर-तास सांभाळतं, नुसता लिथियम धातू मात्र ३,८६० च्या घरात. मग कपाट काढून टाका ना! काढता येत नव्हतं, कारण धातू थापला जाताना त्याला सुईसारखे कोंब फुटतात, ते मधला पडदा भेदून पलीकडे पोचतात आणि आत शॉर्ट सर्किट होतं. क्वांटमस्केपने तो पडदा सिरॅमिकचा केला. प्लॅस्टिकची जाळी कोंबांना अडवत नाही, भाजलेली पातळ चिनीमाती अडवते. कपाट कारखान्यात घालायचंच नाही, पहिल्या चार्जला लिथियम आपणच थर धरतं. धन बाजूला मात्र थोडा द्रव असतो, त्यामुळे ‘संपूर्ण घन’ म्हणणारे जरा पुढे बोलतात.

अडचण तत्त्वात नव्हती, भट्टीत होती. नखाएवढा तुकडा प्रयोगशाळेत भाजणं वेगळं आणि बिनचिरेचा, बिनछिद्राचा पडदा रोज मैलोन्मैल काढणं वेगळं. डिसेंबर २०२० मध्ये जे दाखवलं गेलं, ते एका थराच्या सेलचं होतं. ‘सहापैकी एक खण बसला की अख्खी गेली’ हे ज्याच्या तोंडी बसलंय, त्याने थरांचा प्रश्न आधी विचारायला हवा होता. भाऊंनी तो मला दीड वर्षाने विचारला. तोवर दोनदा खरेदी झाली होती.

तीन खरेद्या

क्वांटमस्केप २०१० मध्ये स्टॅनफर्डच्या कुशीत निघाली. फोक्सवॅगनने तिच्यात २०१८ मध्ये १० कोटी डॉलर आणि २०२० मध्ये आणखी २० कोटी घालायचं ठरवलं. बिल गेट्स यांचे पैसे होते, संचालक मंडळावर टेस्लाच्या संस्थापकांपैकी एक, जे. बी. स्ट्राउबेल. एका रिकाम्या खोका-कंपनीत (जिचा स्वतःचा धंदा नसतो, नुसती बाजारात नोंद असते) विलीन होऊन नोव्हेंबर २०२० च्या अखेरीस ती न्यूयॉर्कच्या बाजारात आली आणि महिन्याभरात शेअर १३० डॉलरच्या वर गेला. एक रुपयाचीही विक्री नसलेली कंपनी बाजारभावाने फोर्डपेक्षा मोठी झाली.

त्या भावाला भाऊंनी घेतला नाही, याचं श्रेय ते स्वतःला देतात. मला ते मान्य नाही. तेव्हा त्यांचं खातंच उघडलेलं नव्हतं. ४ जानेवारी २०२१ ला, आधीच्या गुंतवणूकदारांचे शेअर विक्रीसाठी नोंदल्याच्या बातमीने भाव एका दिवसात सुमारे ४० टक्के पडून ५० वर आला. भाऊंना वाटलं, सेल लागला. बँकेत पैसे बाहेर पाठवायचा ए-२ फॉर्म भरायला त्यांना तीन खेपा माराव्या लागल्या. शाखेतल्या मुलीने आधी विचारलं, “काका, मुलगा शिकायला गेलाय का तिकडे?” वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवायची मुभा असलेली ती रिझर्व्ह बँकेची योजना. भाऊंनी पाठवले पाच हजार. पन्नासच्या भावाने शंभर शेअर, तेव्हाच्या दराने तीन लाख पासष्ट हजार रुपये. एक ठेव मोडून.

दुसरी खरेदी तौक्तेची. १६ मे २०२१ ला वादळ किनाऱ्याला घासून गेलं. मालवणात खांब आडवे, तारा रस्त्यावर, कित्येक वाड्यांत दिवसचे दिवस काळोख. भाऊंनी दुकानाच्या दारात जनरेटर लावून लोकांचे मोबाइल फुकट चार्ज करून दिले. बाकड्यावर चाळीस-पन्नास फोन, प्रत्येकाला नावाची चिठ्ठी चिकटवलेली. पुढच्या तीन आठवड्यांत दुकानातली शेवटची बॅटरीसुद्धा गेली. त्या नफ्यातून जूनमध्ये २८ च्या आसपास आणखी शंभर शेअर, दोन लाख सहा हजारांना. काळोखात बसलेल्या गावाला काय हवंय ते आपण बघितलं, म्हणून त्या कंपनीचं भविष्य आपल्याला दिसलं, असा तो तर्क. बॅटरीची गरज खरी होती. त्या गरजेचे पैसे भाऊंच्या दुकानाला मिळाले. क्वांटमस्केपच्या भागधारकाला त्यातून काही मिळायचं कारणच नव्हतं.

तिसरी डिसेंबर २०२२ ची. कंपनीने २४ थरांचे पहिले नमुना सेल वाहन कंपन्यांना पाठवल्याची बातमी आली आणि भाव होता सहाच्या आगेमागे. दोनशे शेअर, नव्याण्णव हजार.

एकूण ४०० शेअर, ९,००० डॉलर, सहा लाख सत्तर हजार रुपये. त्यांच्या सगळ्या बचतीच्या साधारण चौथा हिस्सा. वहिनींना याचा पत्ता लागला मोडलेल्या ठेवीच्या पावतीवरून. त्यावर पुढचे काही महिने काय झालं, ते इथे लिहायचं कारण नाही.

“ती चलता, मगे भाव कित्याक पडता?”

हा प्रश्न भाऊंनी मला २०२३ च्या पावसाळ्यात विचारला, आणि या प्रकरणात मला सगळ्यांत जास्त रस त्यातच आहे. तंत्र पुढेच सरकत होतं. एक थर, मग चार, मग दहा, मग चोवीस. जानेवारी २०२४ मध्ये फोक्सवॅगनच्या पॉवरको या बॅटरी कंपनीने जाहीर केलं, की त्यांच्या चाचणीत हा सेल हजारावर चक्रं चालला आणि क्षमता ९५ टक्के उरली. म्हणजे पाच लाख किलोमीटर धावूनही बॅटरी जवळपास नवी. शॉर्ट-सेलरांनी, म्हणजे भाव पडण्यावर पैसे लावणाऱ्यांनी, २०२१ मध्ये या बॅटरीची जी थट्टा केली होती, तिला हे उत्तर होतं. आणि शेअर? दोन आकड्यांतून एका आकड्यात.

मी त्यांना कंपनीचा ताळेबंद समजावायचा प्रयत्न दोनदा केला, दोन्ही वेळा त्यांची नजर खिडकीबाहेर. शेवटी त्यांचाच सातबारा काढला. आचऱ्याकडची त्यांची वडिलोपार्जित जागा, एकोणतीस गुंठे, कब्जेदार सदरी एकतीस नावं. आजोबांच्या वेळी दोन होती. जागा तेवढीच आहे, समुद्रही तिथेच आहे. उलट भाव कैक पटींनी वाढलाय. तरी भाऊंच्या वाट्याला एक गुंठासुद्धा धड येत नाही. कोकणातल्या माणसाला ‘डायल्युशन’ (वाटेकरी वाढून वाटा पातळ होणं) हा शब्द शिकवावा लागत नाही, नुसता तलाठ्याकडचा कागद पुढे धरायचा.

क्वांटमस्केप बाजारात आली, तेव्हा तिच्या सातबारावर सुमारे ३६ कोटी शेअर होते. २०२५ च्या सुरुवातीला साडेचोपन्न कोटींच्या आसपास. दीडपट. विक्री नाही, खर्च चालू. २०२३ चा तोटा साडेचव्वेचाळीस कोटी डॉलर, २०२४ चा जवळजवळ अठ्ठेचाळीस कोटी. एवढा पैसा आणायचा कुठून? नवे शेअर विकून. मार्च २०२१ मध्ये कंपनीने ते ४० डॉलरने विकले, ऑगस्ट २०२३ मध्ये ८ डॉलरने. म्हणजे तेवढेच पैसे उभे करायला पाचपट नावं चढवावी लागली. भाव पडला की नावं जास्त चढतात, नावं चढली की भाव आणखी दबतो. आपल्याकडच्या वारसांच्या नोंदीत एवढा फरक, की तिथे नवं नाव चढताना घरात एक पैसाही येत नाही. इथे येतो, आणि तो भट्टीत घातला जातो. त्यामुळे नावं वाढणं म्हणजे लबाडी नव्हे. ज्या कंपनीला दहा वर्षं विक्रीविना जगायचंय, तिला हाच रस्ता. प्रश्न तुम्ही कितीला आत शिरलात याचा आहे.

भाऊंच्या पहिल्या खरेदीच्या दिवशी कंपनीची एकूण किंमत, ५० गुणिले ३६ कोटी, म्हणजे १,८०० कोटी डॉलरच्या आसपास होती. समजा बाजाराने उद्या तिला पुन्हा तेवढीच किंमत दिली. भाऊंचा शेअर ५० वर जाईल? नाही. साडेचोपन्न कोटींनी भागा, ३३ येतात. कंपनी जिथे होती तिथे परत आली तरी भाऊ एकतृतीयांश मागे. हे गणित मी पाठकोऱ्या बिलावर केलं. भाऊंनी तो कागद घडी करून खिशात घातला आणि नेहमीचा चहासुद्धा न घेता गेले.

इथे एक पोटात दुखणारी गोष्ट सांगून टाकतो. या विषयावर बोलताना जो तो हापूसच्या कलमाचा दाखला देतो. “कलम लावलं की पाच-सात वर्षं थांबावंच लागतं.” माझ्याही बागेत कलमं आहेत, आणि मला हा दाखला अजिबात पटत नाही. कलम लावताना मूळ झाडाचा आंबा आपण खाल्लेला असतो. फळ कोणतं येणार यात शंका नसते, किती आणि कधी एवढंच बघायचं असतं. या कंपनीच्या झाडाचा आंबा तोवर कोणीच खाल्लेला नव्हता. शिवाय शेजारच्या बागेतलं कलम दरवर्षी स्वस्त होत होतं. ब्लूमबर्गच्या ऊर्जा-संशोधन विभागाच्या पाहणीत लिथियम-आयन बॅटरी पॅकचा सरासरी भाव २०२० अखेर किलोवॅट-तासाला १३७ डॉलर होता, २०२४ अखेर ११५. त्यातलीच साधी लोह-फॉस्फेटची बॅटरी, जिला २०२० मध्ये सगळे ‘कमी दमाची’ म्हणत होते, तिनेच बाजार मारला. नव्या बॅटरीला हरवायचं होतं ते २०२० च्या बॅटरीला नव्हे, ज्या वर्षी ती येईल त्या वर्षीच्या बॅटरीला.

गंमत म्हणजे भाऊंच्या दुकानात २०२३ पासून लोह-फॉस्फेटच्याच इन्व्हर्टर बॅटऱ्या लागल्यात. पाणी घालायला नको, भिंतीला टांगता येतात, होमस्टेवाले आनंदाने घेतात. त्या मालावर त्यांनी कमावलं. ज्या बॅटरीने शेअरचं गणित कठीण केलं, तिनेच गल्ला भरला.

माझा एक सल्ला

डिसेंबर २०२२ च्या तिसऱ्या खरेदीनंतर मी भाऊंना एवढंच म्हटलं होतं, की आता विकायचं कधी ते लिहून ठेवा. त्यांनी दुकानाच्या वॉरंटीच्या रजिस्टरात मागच्या पानावर लिहिलं. कंपनीकडे दीड वर्ष पुरेल एवढी रोकड उरली नाही, तर विकूचे. फोक्सवॅगनने अंग काढलं, तर विकूचे. २०२५ अखेर गाडीत बॅटरी बसली नाय, तर विकूचे. खाली सही आणि दुकानाचा शिक्का.

मला वाटतं, पुढच्या अडीच वर्षांत भाऊंना झोप लागली ती या पानामुळे. रोज संध्याकाळी, उन्हाळ्यात सात आणि हिवाळ्यात आठ वाजता, तिकडचा बाजार उघडला की मोबाइल बघायची त्यांची सवय त्या पानाने सुटली नाही, पण बघून काही करायची खुमखुमी गेली. पानावर भावाबद्दल अक्षर नव्हतं.

माझा सल्ला मात्र पानाबाहेरचा होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये युरोपातली मोठी बॅटरी कंपनी नॉर्थव्होल्टने अमेरिकेत दिवाळखोरीच्या संरक्षणाचा अर्ज केला, आणि मार्च २०२५ मध्ये स्वीडनमध्ये ती बुडाली. तिच्यातली सगळ्यांत मोठी भागधारक कोण? फोक्सवॅगन. मी भाऊंना फोन केला, की तुमची दुसरी अट कागदावर ठीक आहे, पण फोक्सवॅगनचा हात डोक्यावर असणं म्हणजे काय ते बघा, सगळे विकून मोकळे व्हा. तेव्हा भाव पाचच्या खाली. एप्रिल २०२५ मध्ये तो साडेतीनलाही टेकला. सहा लाख सत्तर हजारांचे सव्वा लाखही होत नव्हते.

भाऊंनी पान उघडलं. रोकड २०२४ अखेर ९१ कोटी डॉलर, वर्षभराच्या खर्चाला धरून दीड वर्षाच्या वरच. फोक्सवॅगन गेली नव्हती. उलट जुलै २०२४ मध्ये पॉवरकोशी करार झाला होता: वर्षाला ४० गिगावॅट-तासांपर्यंत बॅटऱ्या बनवायचा परवाना, पुढे ८० पर्यंत, आणि तांत्रिक टप्पे गाठल्यावर १३ कोटी डॉलरची आगाऊ रॉयल्टी. हा करार मला तेव्हा किरकोळ वाटला होता, आणि तीच माझी चूक. कारखाना पॉवरकोने बांधायचा, म्हणजे क्वांटमस्केपला त्यासाठी स्वतः पैसा उभा करायचा नाही, म्हणजे सातबारावर नावं चढायचा वेग कमी. ज्या गोष्टीचं व्याख्यान मीच दिलं होतं, तीच मला दिसली नाही.

“पानार नाय ता करूचा नाय,” भाऊ म्हणाले आणि फोन ठेवला.

जून २०२५ मध्ये कंपनीने ‘कोब्रा’ नावाची भट्टीची नवी पद्धत नेहमीच्या उत्पादनात आणली. आधीच्या पद्धतीपेक्षा पडदा भाजायचा वेग सुमारे २५ पट. मूळ अडचण भट्टीतच होती, तेव्हा ही बातमी गाड्यांच्या सगळ्या छायाचित्रांपेक्षा मोठी. भाव वर सरकला आणि ऑक्टोबरमध्ये पंधराच्या पुढे गेला. माझं ऐकून विकलं असतं तर काय, हे भाऊ मला दर भेटीत ऐकवतात. माझं म्हणणं असं, की बुडायची शक्यताही तेव्हा खरीच होती, आणि नाणं छाप पडलं म्हणून काटा पडणारच नव्हता असं होत नाही. यावर आमचं एकमत झालेलं नाही.

प्लॉट, तोटा आणि रुपया

ऑगस्ट २०२५ मध्ये भाऊंनी कणकवलीजवळचा एक एनए प्लॉट विकला. त्यावर दीर्घकालीन भांडवली नफा झाला, साडेबारा टक्के कर. दीर्घकालीन तोटा अशाच नफ्यातून वजा करता येतो, नाही वापरला तर आठ वर्षं पुढे नेता येतो, रिटर्न मुदतीत भरलेलं हवं. परदेशी शेअर २४ महिन्यांपेक्षा जास्त ठेवला की दीर्घकालीन. त्यामुळे ऑक्टोबरमध्ये १६ च्या भावाने आम्ही पहिले दोनशे शेअर विकले. आधी घेतलेले आधी गेले असा हिशोब, म्हणजे ५० चे शंभर आणि २८ चे शंभर.

डॉलरमध्ये ७,८०० चे ३,२०० झाले, तोटा ५९ टक्के. रुपयांत पाच लाख एकाहत्तर हजारांचे दोन लाख ऐंशी हजारांच्या वर, तोटा ५१ टक्क्यांच्या आत. मधला फरक रुपयाच्या घसरणीने भरून दिला, ७३ चा डॉलर ८८ झाला होता. पावणेतीन लाखांच्या वरचा तोटा प्लॉटच्या नफ्यातून वजा होऊन साधारण ३६ हजारांचा कर वाचला. भाऊंना हे छत्तीस हजार कंपनीने दिल्यासारखे वाटतात. मी खोडून काढत नाही.

उरलेले दोनशे, नव्याण्णव हजारांचे, त्या दिवशी दोन लाख ऐंशी हजारांच्या वर होते. सगळं मिळून घातलेल्या सहा सत्तरचे पाच साठच्या आसपास. पहिल्या दोन खरेद्यांचे पैसे तेव्हाच्या साडेपाच टक्क्यांच्या ठेवीत राहिले असते, तर नुसते तेच सव्वासात लाखांच्या पुढे गेले असते. हा आकडा वहिनींनी स्वतः काढला होता आणि तो बरोबर होता.

उरलेल्या दोनशेंचं काय, यासाठी आम्ही रजिस्टर उघडलं. पहिल्या दोन अटी पाळल्या गेल्या होत्या. तिसरी: २०२५ अखेर गाडीत बॅटरी बसली पाहिजे.

“बसली,” भाऊ म्हणाले.

बसली होती, तशी. ८ सप्टेंबर २०२५ ला म्युनिकच्या वाहनप्रदर्शनात क्वांटमस्केपच्या सेलवर डुकाटीची शर्यतीची मोटारसायकल व्यासपीठावर चालवून दाखवली होती.

“भाऊ, ती मोटारसायकल. आणि प्रदर्शनातली.”

“मोटारसायकल गाडी नाय तर काय होडी आसा?”

मी म्हटलं, तुम्ही २०२२ मध्ये हे लिहिलंत तेव्हा तुमच्या मनात चारचाकी होती. ते म्हणाले, मनात काय होतं ते रजिस्टरात नाही, रजिस्टरात गाडी आहे, आणि आमच्याकडे स्कूटरलाही गाडीच म्हणतात. दुकानातला पोरगा मध्येच म्हणाला, रेल्वेलाही गाडीच म्हणतात. त्याला चहा आणायला पाठवला.

वहिनी गल्ल्यावर बसून होत्या. नजर वहीतून न काढता त्यांनी विचारलं, “ती मोटारसायकल कोणी पैसे मोजून घेतल्यान काय?”

भाऊंनी पेन उघडलं, ‘गाडीत’ या शब्दाच्या आधी काकपद केलं आणि वर बारीक अक्षरात लिहिलं: गिऱ्हाईकान इकत घेतलेल्या. मग २०२५ खोडून किती घालायचं यावर थोडा वेळ गेला. वहिनी म्हणाल्या २०२७, भाऊ म्हणाले २०२९. शेवटी २०२८ ठरलं. खाली दोघांच्या सह्या झाल्या आणि दुकानाचा शिक्का बसला.